मयत रकान्यातल्या काकू

लाँड्रीवाल्या काकू जिना चढून वर आल्या की ती चांगली बातमी कधीच नसते. काकूंचे गुडघे दुखतात, आणि दुखरे गुडघे घेऊन कुणी माणूस शाबासकी द्यायला वर येत नाही.

नकाशाबाईने पायरीवरची पावलं ओळखली आणि खुर्ची सरळ केली. नकाशाबाई हे तिला थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, पाडलेलं नाव. दोघा भावंडांचं ऑफिस लाँड्रीच्या वरच्या खोलीत होतं. खालच्या इस्त्र्यांची वाफ फरशीतून वर यायची. त्यामुळे त्या ऑफिसात कुणाला सर्दी होत नसे आणि कुठलाही कागद फार काळ सरळ राहत नसे.

"पुन्हा झालं," काकू दारातच कठड्याला धरून म्हणाल्या. "दातांचे डॉक्टर खाली उभे आहेत. कोट धुतले, घड्या घातल्या, पिशवीत भरले. पैसे पाठवायला गेले तर तुमचं ते यंत्र म्हणतं, रस्ता सापडत नाही. अगं, माणूस माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा आहे. मध्ये फक्त टेबल आहे. रस्ता कसला सापडत नाही?"

"काकू, तोवर रोख घ्या ना," दादा म्हणाला.

"रोखच घ्यायचं होतं तर तुम्हा दोघांना वर कशाला ठेवून घेतलं? दुकानभर तुमचं ते चौकोनी चित्र चिकटवून ठेवलंय." काकूंनी दम घेतला. "हे बघा. आज मी शटर ओढायच्या आत एका तरी गिऱ्हाइकाचा पैसा माझ्यापर्यंत पोचला तर ठीक. नाहीतर उद्यापासून या खोलीत हॉटेलच्या चादरी वाळत घालणार. इथे ऊब चांगली आहे."

हे काकू रागावून बोलल्या असत्या तर काही वाटलं नसतं. पण त्या बोलता बोलता डोळ्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी मापत होत्या.

काकू हॉटेलचे पडदे पोचवायला निघून गेल्या. दादा डॉक्टरांचा फोन तपासायला खाली गेला. नकाशाबाईने तिचा नकाशा उघडला.

नकाशा म्हणजे डेटाबेस. भावंडांच्या या पैसे पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही दोघं जण आपापसात एक चॅनल उघडून ठेवतात, आणि पैसे अशा चॅनलांवरून हातोहात पुढे सरकत जातात. कोणाचं चॅनल कोणाशी आहे, चालू आहे की बंद, पलीकडे सरकवायला कोण किती घेतो, हे सगळं माहीत असल्याशिवाय रस्ता शोधता येत नाही. ही माहिती कुठलं सरकार छापत नाही. ज्याची त्याने शेजाऱ्याला सांगायची आणि शेजाऱ्याने पुढे. ज्या हुशार माणसांनी ही पद्धत काढली त्यांनी तिला नावही सरळ गॉसिप असंच ठेवलं आहे. इतका खरेपणा तंत्रज्ञानात सहसा आढळत नाही.

आता गॉसिप म्हटलं की शिळं काय आणि ताजं काय हे कुणीतरी बघायला हवं. ते काम नकाशाबाईचं. नियम असा की प्रत्येक चॅनलच्या दोन्ही टोकांनी अधूनमधून "आहे हं मी" असं कळवत राहायचं. एक टोक जरी पंधरवडाभर गप्प राहिलं तरी ते चॅनल नकाशातून काढून वेगळ्या रकान्यात टाकायचं. इतर ठिकाणी या रकान्याला झोंबी वगैरे म्हणतात. दादाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव "मयत" ठेवलं होतं, कारण त्या दिवशी त्याला ते फार विनोदी वाटलं होतं.

बाकी जगाशी काकूंना जोडणारं चॅनल एकच होतं: रस्त्याच्या वरच्या टोकाला बेकरी चालवणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीशी. नकाशाबाईने ते नकाशात शोधलं. नव्हतं. मग मयत रकाना उघडला. होतं.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली ओरडली, "दादा, सापडलं. काकू मेल्यात."

"अरेच्चा," खालून दादा म्हणाला. "कशाने?"

"बहिणीमुळे. ती इतके दिवस काही बोलली नाही ना, म्हणून."

"परत आणता येतील?"

"बघते. सध्या तरी त्यांनी कितीही सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही."

"बरं. मग घाई करायला नको, नीट बघ."

हा संवाद दातांच्या डॉक्टरांनी कोटांची पिशवी छातीशी धरून ऐकला. ज्यांना तोंडात हत्यारं असल्यामुळे उलट बोलता येत नाही अशा लोकांशी त्यांना दिवसभर बोलायचं असतं. त्यामुळे उलट विचारायची पद्धत असते हेच ते विसरले होते. पाच मिनिटांपूर्वी काकू त्यांच्यासमोरून पडदे घेऊन चालत गेल्या होत्या. पण दोन तज्ज्ञ यंत्रात बघून सांगत आहेत म्हटल्यावर स्वतःच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो? डॉक्टरांनी दादाचा खांदा दाबला, "तुम्हीही जपा" म्हणाले आणि ओल्या डोळ्यांनी बाहेर पडले. दादाला वाटलं, पैसे न देता जाताना माणसाला वाईट वाटणारच.

डॉक्टरांनी फुलवाल्याला सांगितलं. फुलवाल्याने शिंप्याला सांगितलं. शिंप्याकडून बातमी औषधाच्या दुकानात गेली आणि तिथून जोडीजोडीने वर सरकत राहिली. नकाशाबाईच्या यंत्रात बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात तो रस्ता पार झाला. वाटेत बातमीत सुधारणाही झाल्या. औषधाच्या दुकानात काकू पडद्यांच्या ओझ्याखाली गेल्या होत्या. बेकरीत पोचेपर्यंत त्या झोपेत, अगदी शांतपणे, हसतमुखाने गेल्या होत्या. धाकटीला वाईट सांगायला कुणाची जीभ उचलली नव्हती.

काकू हॉटेलातून परतल्या तेव्हा लाँड्रीच्या दाराशी सातआठ माणसं माना खाली घालून उभी होती आणि उंबऱ्यावर फुलांची मोठी परडी होती.

"व्हा बाजूला," काकू म्हणाल्या. "कोण गेलं?"

फुलवाला सगळ्यांत पुढे होता. त्याने काकूंकडे पाहिलं, परडीकडे पाहिलं.

"तुम्ही," तो म्हणाला.

"कधी?"

"सकाळी. काकू, एक सांगून ठेवतो. फुलं परत घेतली जात नाहीत."

गलका ऐकून नकाशाबाई आणि दादा खाली धावले. काय झालं ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला आणि सांगायला त्याहून जास्त. मयत म्हणजे रकाना, काकू म्हणजे चॅनल, मेल्या म्हणजे नकाशात नाहीत, असं दादाने तीनदा समजावलं. शिंपी म्हणाला, "पण कुठल्या तरी अर्थाने गेल्या आहेत ना?" दादाला ते नाकारता येईना.

काकू मात्र मजेत होत्या. परडीवरची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. तिच्यात त्यांच्या हाताच्या घडीची रस्त्यात तोड नव्हती असं लिहिलं होतं. "हे आधी कुणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "धाकटीला कुणी कळवलं तर नाही ना?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कळवलं सगळ्यांनीच होतं.

वरच्या टोकापर्यंत चढणं आज गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. काकूंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे उचलला गेला. एक हुंदका आला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा हुंदका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा काकू घाईघाईने म्हणाल्या, "अगं, मी आहे, मी."

"लाज वाटत नाही?" पलीकडून धाकटी ओरडली. "माझी ताई गेली आणि तिचा फोन घेऊन तिचाच आवाज काढताय? मेलेल्या माणसाचे फोन मी घेत नसते." खट्.

"ऐकूनच घेत नाही," काकू हताश होऊन म्हणाल्या. "जिवंत आहे असं सांगायचं तरी कसं? सांगायला गेलं की मेली म्हणून फोन ठेवते."

नकाशाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"दादा," ती म्हणाली, "मावशींची बेकरी किती दिवस बंद होती?"

"भट्टी बदलत होत्या ना. पंधरवडा तरी असेल. काल उघडली."

"म्हणजे कालपासून त्यांचं यंत्र ओरडतंय, आहे मी, आहे मी. आणि आपण काय करतोय? निरोप आला की पहिल्यांदा मयत रकाना बघतोय. नाव दिसलं की निरोप न उघडता फेकून देतोय." तिने काकूंच्या फोनकडे बोट दाखवलं. "खट्."

दादाने डोक्याला हात लावला. एकदा मेलेल्याला जिवंत व्हायचा रस्ता त्या दोघांनी ठेवलाच नव्हता.

तोवर काकूंनी दादाचा फोन घेऊन चौथ्यांदा नंबर लावला होता. या वेळी त्यांनी पलीकडच्याला "हॅलो" म्हणायलाही जागा ठेवली नाही.

"नवीन भट्टी उजवीकडून जाळते," त्या गरजल्या. "आज सकाळी पाठवलेल्या पावाची एक बाजू कोळसा होती. बदलून घे. आणि माझा हिरवा स्वेटर नेलास तो नेलास. 'आणते ताई' म्हणत तीन हिवाळे काढलेस. तुला द्यायचा नसेल तर तसं तोंडावर सांग."

मग पलीकडून अगदी बारीक आवाजात, "ताई?"

"नाहीतर कोण?"

आता हुंदके दोन्हीकडून येऊ लागले. शिंप्यानेही आपला एक दिला.

पण नकाशाबाई जिन्यावर अर्ध्यात पोचली होती. "स्वेटर ही सही," ती स्वतःशीच बडबडत होती. "सकाळचा पाव ही तारीख."

तेवढंच हवं होतं. प्रत्येक निरोपाखाली पाठवणाऱ्याची सही असते, जी दुसऱ्या कुणाला करता येत नाही. आणि तारीखही असते, म्हणजे जुना निरोप पुन्हा वाजवून खरोखरचं बंद पडलेलं चॅनल कुणाला उठवून बसवता येऊ नये. तिने तपासायचा क्रम उलटा केला. आधी निरोप उघडायचा. सही बघायची. तारीख बघायची. दोन्ही ठीक असतील तर मयत रकान्यातून नाव काढून चॅनल नकाशात परत मांडायचं, आणि मग शेजाऱ्यांना कळवायचं.

"टेस्ट लिहिलीस का?" मागून दादा म्हणाला. धावून आल्यामुळे त्याला धाप लागली होती, पण हा प्रश्न तो आग लागली तरी विचारतो.

तिने टेस्ट लिहिली. टेस्टचं नाव ठेवलं "काकू परत येतात". जुन्या क्रमावर चालवली तर लाल, म्हणजे नापास; नव्यावर हिरवी. मग एक आणखी लिहिली: "शिळ्या पावाने काकू परत येत नाहीत". तीही हिरवी.

लाँड्रीच्या गिऱ्हाइकांचे फोन रस्ता विचारायला या खोलीतल्या यंत्राकडेच येत. त्यामुळे नवी दुरुस्ती इथे चढवली की काम झालं. चढवली. मग खिडकीतून डोकं काढून ती ओरडली, "काकू, मावशींना सांगा, यंत्र एकदा बंद करून चालू करा."

खाली काकूंनी एका हाताने शटर निम्म्यावर धरलं होतं. शब्दाला त्या पक्क्या होत्या. बाहेर दिवे लागायला आले होते.

पडद्यावर बेकरीचा निरोप आला. उघडला गेला. सही बरोबर. तारीख आजची. मयत रकान्यातली एक ओळ कमी झाली आणि नकाशात एक रेघ वाढली. दिसायला एवढीशी रेघ. नकाशाबाईने खुर्चीत बसल्या बसल्या एक गिरकी घेतली, दादाने दुसरी घ्यायला लावली.

"पैसे," दादा म्हणाला. "रेघेचं काय करायचंय? पैसे कोण देणार?"

दातांचे डॉक्टर गर्दीच्या मागे पिशवीआड लपले होते. शिंप्याने त्यांना दंडाला धरून पुढे आणलं. डॉक्टर शरमेने लाल झाले होते. त्यांनी फोन चौकोनी चित्रावर धरला. फोन विचारात पडला. विचार बराच वेळ चालला. मग डॉक्टरांकडून औषधाच्या दुकानाकडे, तिथून बेकरीकडे आणि बेकरीतून खाली काकूंकडे रस्ता सापडला, आणि काकूंच्या टेबलावरचं यंत्र टिंग वाजलं.

काकूंनी शटर पुन्हा पूर्ण वर ढकललं.

त्याच वेळी धाकटी कोपऱ्यावरून धावत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे, आणि अंगात हिरवा स्वेटर. तिने ताईला मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा मिठी मारली. स्वेटरवर आणि काकूंच्या काळ्या ब्लाउजवर सगळीकडे पिठाचे पंजे उमटले.

"आता धुऊनच परत देते," धाकटी म्हणाली.

"धुवायला मीच आहे," काकू म्हणाल्या. "बिल लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पुन्हा तीच पावलं वाजली. दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू फुलांची परडी घेऊन आल्या होत्या. परत घेत नाहीत तर वाया का घालवायची, असा त्यांचा हिशोब होता. परडी त्यांनी नकाशाबाईच्या टेबलावर ठेवली, चिठ्ठी मात्र स्वतःकडे ठेवून घेतली.

"त्या रकान्याचं नाव बदला," त्या म्हणाल्या. "मी जिवंत माणूस आहे. चार घटका गप्प राहिलं माणूस की लगेच मयत काय?"

"मग काय ठेवू?" दादाने विचारलं.

काकूंनी विचार केला. "मी दुकान सोडून पडदे द्यायला जाते तेव्हा दारावर पाटी लावते ना," त्या म्हणाल्या, "तेच ठेव."

म्हणून त्या डेटाबेसमध्ये आज बरेच दिवस आवाज न आलेल्या सगळ्या चॅनलांच्या रकान्याचं नाव "येतीलच" असं आहे.