भरतीची खूण

शरच्चंद्र गुप्त्यांनी बूट काढले, मोज्यांची घडी करून खिशात घातली आणि मगच माहुलच्या चिखलात पाऊल टाकलं. मागून शिपाई मोजणीची साखळी ओढत आला.

तेलकंपनीच्या आवाराची हद्द आज ठरायची होती. प्रश्न एकच होता. जमीन कोरडी असेल तर ती कोळ्यांची, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा द्यावी लागणार. भरतीचं पाणी चढत असेल तर ती सरकारची, आणि मग कोळ्यांनी नुसतं उठायचं.

"पाणी चढतं का इथं?"

"नाय साहेब, कदी नाय."

सहा घरांत सहा जणांनी हेच सांगितलं, त्याच चालीत. कुर्ल्याच्या वकिलानं घोकून घेतलंय, हे गुप्त्यांनी पहिल्याच घरात ओळखलं होतं. ते रागावले नाहीत. पाठांतर कुठं कच्चं आहे, एवढंच पाहत पुढे सरकले.

सातवं घर शेवंतीचं. साठीची बाई, नवरा आठ वर्षांपूर्वी होडीसकट गेलेला. पुतण्या धाकू आधीच दारात येऊन उभा होता.

"नाय साहेब, कदी नाय," शेवंती म्हणाली. बोलताना तिनं दाराच्या चौकटीकडे पाठ केली.

गुप्त्यांनी ते लिहून घेतलं नाही. टोपी काढून ते ओट्यावर टेकले, पाणी मागून घेतलं आणि तांब्या रिकामा केला. धाकूला जरा बरं वाटलं.

"मालक दर्यातच गेले ना तुमचे?"

"हां."

"आणि तेव्हापासून दर्या तुमच्या दाराकडे फिरकलाही नाही? कमाल आहे. एवढा माणूस नेला, पण साधी विचारपूस नाही!"

"काकी, गप ऱ्हा," धाकू म्हणाला.

"तू गप रे! कोन बोलतो, येत नाय?" शेवंतीनं चौकटीवर टांगलेलं जाळं बाजूला केलं. खाली उंबऱ्याजवळ तेलात खललेल्या कुंकवाचे ठिपके होते. "दर नारळी पुनवेला येतो. उंबऱ्याला शिवून जातो. जिथवर येतो तिथं मी कुकू लावते. बगा, आठ हायत."

स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसल्यापासून तिनं एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

"वा!" गुप्ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांनी टेपचं पितळी टोक जमिनीला टेकवलं. सगळ्यात वरचा ठिपका, नऊ इंच. शेवंतीचं घर सातांत सगळ्यात उंचावर होतं. बाकीची सहा मोजायची गरजच उरली नाही.

धाकू ओट्यावरून उतरला आणि मागे न पाहता चालू लागला.

शेवंतीनं जबाबाखाली अंगठा उठवला. "बराबर लिवलंत ना?"

"अक्षरन् अक्षर."

तिनं मूठभर सुका जवळा कागदात बांधून दिला. गुप्त्यांनी तोही घेतला.

पुढल्या श्रावणात, पुनवेच्या दिवशी ते पुन्हा आले. आता तिथं दगडी बांध होता. अलीकडे दर्या, पलीकडे सपाट केलेली जमीन; घरं कुठं होती ते सांगता आलं नसतं. कंपनीला ताबा देताना जमिनीची स्थिती नोंदवायची होती. भरती बांधावर आपटून मागे फिरली, तशी गुप्त्यांनी वहीत ओळ लिहिली. जमीन कोरडी. भरतीचे पाणी येत नाही.

बांधावर शेवंती एकटीच उभी होती. सहा घरांपैकी कोणी वर्षभर तिच्याशी बोललं नव्हतं. एका हातात नारळ होता, दुसऱ्यात कुंकवाची वाटी. वाटीतलं कुंकू तसंच होतं.

"साहेब, दर्या आत नाय गेला."

"नाही गेला."

"लिवलंत?"

"लिहिलं."

"मंग आता ती जागा कोनाची?"

गुप्त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते नीट बसलंय की नाही, ते दोनदा फिरवून पाहिलं. मग शिपायाला खूण केली.

"बाई, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले, "साखळी तुमच्या पायाखाली येतेय."