आतली खिट्टी

उंबरा कोरा ठेवू नये, मग घर आठ दिवसांच्या भाड्याचं का असेना, असं कावेरीबाईंनी चाकूरहून निघताना सुनेला बजावलं होतं. म्हणून वर्षाराणीने रांगोळीची डबी पार जॉर्जियातल्या तिबिलिसीपर्यंत आणली होती. नणंद बबिता तिथं डॉक्टरकी शिकत होती. तिला भेटायला वर्षाराणी, नवरा वैजनाथ आणि लेक माउली असे तिघं आलेले. सकाळी वैजनाथ बहिणीबरोबर कॉलेजात गेला. वर्षाराणी दाराबाहेर बसून दोन रेघा ओढते न ओढते, तोच गॅलरीकडून वारा आला आणि दार धाडकन लागलं.

तिने ढकलून पाहिलं. इथलं दार नुसतं लोटलं तरी कुलूप लागतं, हे वैजनाथने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. किल्ली आत, फोन आत. तीन वर्षांचा माउली आत. आणि वारा आला म्हणजे गॅलरीचं दार उघडं होतं. मजला पाचवा.

"माउली! इकडं ये, बाळा. दाराची खिट्टी फिरव बरं."

पावलं आली, थांबली. "न्हाई. आई मारती."

आल्यापासून तीच सांगत होती, दाराला हात लावशील तर फटका देईन. काल दिलाही होता.

"न्हाई मारत रे राजा. आईच सांगून राहिली न."

"फसवून राहिलीस तू," माउली म्हणाला. "मी कबुतर बघतो."

पावलं दूर गेली. पाठोपाठ फरशीवरून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला.

तिने समोरचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. एक म्हातारी बाहेर आली, वर्षाराणीच्या रांगोळीने पिठाळ झालेल्या बोटांकडे बघू लागली. बोलण्यातलं एक अक्षर दोघींना कळेना. वर्षाराणीने कानाशी हात नेला तेव्हा कुठं म्हातारीने फोन आणला. पण वैजनाथचा नंबर पाठ कोणाला होता? पाठ होता एकच, सासऱ्यांचा. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगवलेला होता. भाकरी थापताना खिडकीतून रोज दिसायचा.

घंटी वाजली आणि कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट. परदेशी नंबर उचलायचा नाही, बँकेतलं सगळं साफ करतात, हे सासऱ्यांना, अर्जुनरावांना, तिनेच पढवलं होतं.

तिसऱ्यांदा कावेरीबाईंचा आवाज आला. "कोन रे मुडद्या? सकाळधरनं जीव खाऊन राहिलास!"

"आत्या, मी वर्षा! मामांना द्या. माउली आत कोंडलाय, दार लागलंय!"

क्षणभर नुसती धडपड ऐकू आली. मग अर्जुनराव. "काय करू, बाई? सांग."

"त्याला बोला. जोरात. खिट्टी काढ म्हणा. माझं ऐकंना तो!"

तिने आवाज मोठा करून फोन दाराच्या फटीला लावला.

"माउल्या! ए माउल्या! आजोबा आलाय रं रानातून. उघड की. पाय पोळून राहिले माझे."

तिने फोन फटीला आणखी दाबून धरला.

"अरं, चिंचा आणल्यात! बाहेरच उभा करतूस व्हय म्हाताऱ्याला?"

आत काही नाही. वर्षाराणीने कपाळ दाराला टेकवलं. म्हातारीने तिचा दंड घट्ट धरला होता.

"आलो, आलो..." आतून, लांबून माउलीचा आवाज आला. धावती पावलं. खाट्.

दार उघडलं. माउली दोन पावलं मागं सरला आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"आजोबानं सांगितलं," तो म्हणाला.

त्याच्या डोक्यावरून तिला गॅलरी दिसली. खुर्ची कठड्याला चिकटून उभी होती. ती खाली बसली, त्याचे लपवलेले हात पुढं ओढून घेतले.

"उघडलं का गं?" फोनमधून अर्जुनराव ओरडत होते. "वर्षा? बोल की, बाई!"

तिने फोन माउलीच्या त्याच हातांत ठेवला.