अळणी

श्यामकांतांनी बटाट्याच्या फोडी दुसऱ्यांदा उकळल्या आणि तेही पाणी मोरीत ओतून दिलं. पाण्याबरोबर क्षार जातात, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चवही जाते, हे सांगितलं नव्हतं. बँकेतून लवकर येऊन, कमरेला पंचा गुंडाळून स्वयंपाक करताना, दोन वर्षांत ते त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

बायकोचा, कालिंदीचा, आजचा रिपोर्ट खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होता. हिमोग्लोबिन सहा. ऑपरेशनच्या आधीही सहाच. पहिले पाढे पंचावन्न.

कालिंदीची मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यात मानेतल्या चार बारक्या ग्रंथी फुगून तिची हाडं पोखरू लागल्या. त्या काढल्या तर रक्तही वाढेल, अन्न अंगी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला नको होतं. पुरे झालं आता, म्हणाली होती. हट्ट श्यामकांतांनी केला. डायलिसिसचं यंत्र इथेच आहे म्हणून पुण्याची बदलीसुद्धा नाकारली. आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी डॉक्टर आज शांतपणे म्हणाले, वाट पाहा. वाट पाहायला यांचं काय जातं! श्यामकांतांना डॉक्टरांचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. बाईची मान कापून घेतली ती कशासाठी?

त्यांनी दोन ताटं वाढली. कालिंदी समोर येऊन बसली. दोन वर्षं ती औषध घ्यावं तशी जेवत होती: चार घास, वर पाणी मोजून. काहीही खाल्लं तरी गंजका खिळा चोखल्यासारखं लागतं, असं एकदा म्हणाली होती. नंतर जेवणाबद्दल चकार शब्द नाही.

आज तिनं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भाजी अळणी झालीय."

श्यामकांतांचं डोकंच फिरलं.

"दोन वर्षं अळणीच आहे ती. मीही तीच खातोय. आज कळलं तुला?"

"आजच लागली."

त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. कालिंदी मान खाली घालून भाजी चिवडत होती, जराशी रुसून. लग्नानंतर त्यांच्या आईच्या आमटीला नावं ठेवायची तेव्हा अशीच बसायची.

"लिंबू आहे का हो घरात?"

लिंबू होतं, एकच. ते चिरायला श्यामकांतांना फार वेळ लागला. डोळे पंच्यानं पुसून ते परत आले, तेव्हा तिनं भाजीचं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं होतं.