बाराव्या गुंडाळीचे वेढे

"सातवी गुंडाळी बिघडलीय, ग्लाशामावशी!" कागदाची लांबलचक पट्टी नाचवत रोदिओन वर्कशॉपात शिरला. "बाकीच्या अकरा नीट चालतात, ही एकटीच प्यायल्यासारखी झुलते. तुमचे वेढे सैल पडलेत."

"माझे वेढे आणि सैल?" ग्लाशामावशीने, म्हणजे ग्लाफिरा आर्खिपोव्हनाने, चहाच्या ग्लासातली साखर मुद्दाम सावकाश ढवळली. "तुझ्या लग्नातला टाय मीच बांधला होता ना? सुटला?"

"टाय नाही सुटला. बायको सुटली."

मॉस्कोतल्या त्या संस्थेत एका पोलादी कड्याच्या पोटात सूर्याहून तापलेला वायू चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरत. त्यातली चुंबकी थरथर टिपायला आतल्या भिंतीवर बारा गुंडाळ्या होत्या. करंगळीच्या नखाएवढ्या, प्रत्येकीला केसाहून बारीक तारेचे शंभर वेढे. बाराही ग्लाशामावशीच्या हातच्या. वेढे घालताना ती डोळे मिटायची. हात टेबलाशी राहायचे आणि बाई व्होल्गाकाठी माहेरी जाऊन यायची. एकदा तर ओल्या बुटांनी परतली, असं वर्कशॉपातले लोक शपथेवर सांगत. बुटात एक जिवंत मासळीही होती म्हणे.

यंदा मात्र तिचा उजवा अंगठा थरथरू लागला होता. चारचौघांत तो अ‍ॅप्रनच्या खिशात असायचा. सातवी सैल ठरली, तर वीस वर्षांचं हे टेबल गेलंच.

"सातवी बाराव्या जागी लाव, बारावी सातव्या," ती म्हणाली. "खोट माझ्या तारेत असेल, तर तारेबरोबर जाईल."

"त्यासाठी कडं उघडावं लागेल, मावशी! तीन आठवडे!"

"तेवढ्यात तुला दुसरी बायको मिळेल. उघड."

तीन आठवड्यांनी कडं पुन्हा पेटलं. पापणी लवेपर्यंत विझलंही. पण रोदिओनने गुंडाळ्यांचे संकेत फितीवर घेतले होते. ती फीत त्याने कर्ण्यातून अगदी संथ वाजवली. मावशीने डोळे मिटले. नव्या जागी सातवी गप्प होती, गोठलेल्या नदीसारखी. आणि सातव्या जागी बसलेल्या बारावीतून वसंतातला बर्फ फुटत होता. मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत, फिरत, कुठल्या कुठे वाहून जात होते.

"तार नाही, वायूच खवळतोय तिथे!" रोदिओनने मावशीला उचलूनच घेतलं. "उष्णता इथूनच पळते. दोन वर्षं हेच शोधतोय आम्ही! आता बारावीवरून खळबळ मोजतो. एका वेढ्याचा वाटा काढायला भागिले शंभर..."

शंभर. मावशीचं हसू जागीच राहिलं. बारावी गुंडाळताना अंगठा घसरला होता, नदीकाठी मोजणी हरवली होती, आणि शंभर वेढ्यांना मोजून घेतलेल्या तारेतून शेवटी दोन वेढ्यांची तार उरली होती. ती तिने गुपचूप कापून टाकली होती.

"अठ्ठ्याण्णवने भाग," ती म्हणाली.

"काय?"

"दोन कमी आहेत. माझी चूक."

"अहो, दोन वेढ्यांनी काय होतंय? कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना. लिही. आणि साहेबांना सांग, तेरावीपासून दुसरं कुणी बघा."

रोदिओनने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्याने शंभरवर काट मारली.

मावशी टेबलाशी आली. हल्लीच्या पोरी ताडमाड असतात, म्हणून तिने स्टुलाचा स्क्रू फिरवून ते चांगलं वीतभर उंच केलं. मग स्वतः चढून बसून पाहिलं. पाय अधांतरी लोंबत होते.

"आता बरोबर झालं," ती म्हणाली आणि हळूच खाली उतरली.