चौथी टाळी

बायकोचा उजवा हात उशीवर ठेवलेला असे आणि ती त्याच्याकडे पाहतही नसे. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर तिचं बोलणं लवकर परतलं, पायही ओढत का होईना चालू लागला. हात तेवढा रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मोठी चिकाटीची होती. ती रोज सांगायची, “आजी, दोन्ही हात जवळ आणा. टाळी वाजवा.”

“कोणासाठी?” बायको म्हणाली. “इथे कोणाचा सत्कार चाललाय?”

मुलगी हसली. पण दाराबाहेर चपला घालताना मला हळूच म्हणाली, “आजोबा, हातात जोर येतोय. आजीच तो वापरत नाहीत. आता नाही वापरला, तर तो असाच राहील.”

माझी बायको शिवणकाम करायची. हात असाच राहणं म्हणजे काय, ते कोणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. खिडकीशी तिचं मशीन होतं. त्यावर तिनेच चादर टाकायला लावली होती.

मला अशा वेळी काही सुचत नाही. सगळी नोकरी वाचनालयात गेली. माणसाला धीर द्यायचा तर मी त्याला पुस्तक नेऊन देतो. तिलाही पुस्तकं दिली होती, ती तिने डाव्या हाताने बाजूला सारली. मग टाळीवरून मला गाण्याची एक जुनी तबकडी आठवली.

तिचा धाकटा भाऊ गायक आहे. बाहेर त्याला लोक ‘वादळ’ म्हणतात. काळे कपडे, इलेक्ट्रिक गिटार, घसा खरवडून म्हटलेली रॉक गाणी. घरात तो बारक्याच. पण रॉकच्या आधी, नुकतं मिसरूड फुटलेलं असताना, त्याने एक डिस्को गाणं म्हटलं होतं, ‘निघायचं नाही’ नावाचं. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला कोणालाच आठवत नाही असं काहीतरी, अशी छोटी तबकडी निघाली होती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही दोघं त्याचा टिकल्यांचा शर्ट द्यायला स्टुडिओत गेलो होतो. शर्ट हिनेच शिवलेला. गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबायची, नुसत्या तीन टाळ्या पडायच्या आणि मग बारक्या पुन्हा सूर लावायचा. टाळ्यांसाठी बोलावलेली माणसं काही आली नाहीत. तेव्हा रेकॉर्डिस्टने आम्हालाच जिन्यात उभं केलं, तिथे आवाज छान घुमतो म्हणून. माझी टाळी त्याला ऐकूच येईना.

“भाऊजी, तुम्ही शर्ट धरा,” बारक्या म्हणाला.

हिने मात्र खणखणीत तीन टाळ्या वाजवल्या. आणि थांबायचं हातांच्या लक्षातच आलं नाही म्हणून, जरा उशिराने, चौथी.

ती चौथी कोणी सांगितली नव्हती. पण स्टुडिओची वेळ संपली होती, ती तशीच राहिली. बारक्या आठवडाभर ताईशी बोलला नाही. मग गाणं नाचाच्या हॉलमध्ये वाजायला लागलं. तीन टाळ्यांनंतर सगळा हॉल श्वास रोखून थांबायचा आणि एकदम चौथी द्यायचा. “लोक माझं गाणं ऐकायला येतच नाहीत,” तो कुरकुरायचा, “ताईची चूक ऐकायला येतात.”

पुढे तो रॉककडे वळला आणि ते गाणं त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही. कार्यक्रमात कोणी मागितलंच, तर पाठ फिरवून गिटारच्या खुंट्या पिळत बसायचा. ही त्यावर कधी बोलली नाही. आपल्या टाळीने त्याचं गाणं नासलं, असं तिच्या मनात असावं, असं मला वाटे. विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

तर मी रेकॉर्ड प्लेयर पुसून ती तबकडी लावली. बारक्याचा कोवळा, उंच आवाज खोलीभर झाला आणि हिचे डोळे हसले. टाळ्यांची जागा आली तेव्हा तिचा उजवा हात उशीवरून हलला. मी पाहिलं. पण तो मांडीपर्यंत पोचेतो गाणं पुढे निघून गेलं होतं.

“बंद करा,” ती म्हणाली. “ती तबकडी थांबणार आहे का माझ्यासाठी?”

झालं, आपण आणखी बिघडवून ठेवलं, असं वाटून मी चहा करायला गेलो. पाणी उकळून उकळून आटलं तरी तिचं वाक्य डोक्यातून जाईना. तबकडी थांबणार नाही, हे खरंच. माणूस थांबू शकतो.

फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. काय म्हणायचं ते मनात नीट रचून घेतलं आणि प्रत्यक्षात एवढंच म्हणालो, “ते गाणं म्हणायला येतोस का?” कुठलं ते सांगावं लागलं नाही.

“भाऊजी, दुसरं कुठलंही सांगा.”

“दुसऱ्यात टाळी नाही.” मग मी हाताचं सगळं सांगितलं.

तो खाकरला. “मला त्या गाण्याची लाज वाटते, असंच वाटतं ना तुम्हाला? अहो, तो आवाज केव्हाच गेला. ओरडून ओरडून मीच घालवला. वरचा सूर लागतच नाही. ताईसमोर फजिती झाली तर?”

“माझी रोज होते,” मी म्हणालो. “ती काही बोलत नाही.”

हे खरं नव्हतं. ती बोलते. पण तो हसला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गुडघे धरत जिना चढून आला. पाठीवर साधी लाकडी गिटार.

“ये, वादळा,” ती म्हणाली. “धापा काय टाकतोस? आणि शर्टाचं बटण कुठे गेलं?”

“तुझ्या मशीनवर चादर बघून पळालं.”

“फार बोलायला लागलास.” पण तिने उजवा हात शालीखाली घेतला.

तो पलंगाच्या पायथ्याशी बसला. “पट्टी उतरवलीय, ताई. हसायचं नाही.”

“तू म्हण. हसायचं की नाही ते माझं मी बघीन.”

नाचायचं गाणं ते उरलंच नव्हतं. इतकं सावकाश, त्या खरखरीत आवाजात, की शब्द जणू खुर्ची ओढून आमच्याजवळ येऊन बसले: दिवे लागले, अजून निघायचं नाही. वरच्या सुरापाशी तो चिरकला. तिच्याकडे न बघता तसाच पुढे गेला. मग तारांवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मला समजायला जरा वेळ लागला. मग मी माझ्या त्या कापसासारख्या तीन टाळ्या वाजवल्या. आणि आम्ही थांबलो.

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. बारक्या जमिनीकडे बघत बसला होता, दिवसभर बसायची तयारी असल्यासारखा. शालीखालून तिचा हात बाहेर आला. मांडीवर पोचला आणि तिथेच बसला. डावा हात त्याला आणायला निघाला, पण तिने तो मागे घेतला आणि तळवा उघडा करून धरून ठेवला. उजवा उचलला गेला, घसरला, पुन्हा उचलला गेला आणि डाव्यावर पडला. आवाज असा झालाच नाही.

बारक्याने तारांवरचा हात काढला आणि पुढचं कडवं उचललं.

“उशीर झाला,” गाणं संपल्यावर ती म्हणाली.

“ती उशिरानेच यायची. नाहीतर हॉल कशाला थांबला असता?”

“आठवडाभर बोलला नव्हतास.” ती शालीचं टोक चाळवत राहिली. “माझ्यामुळेच सोडलंस ना ते गाणं?”

“तुझ्यामुळे?” तो खरोखरच चकित झाला. “सूर लागेना म्हणून सोडलं. आता ऐकलंस की.”

“ऐकलं. चिरकलास.”

“हो.”

“पुन्हा म्हण.”

संध्याकाळी तो निघाला तेव्हा तिने त्याला दारातून परत बोलावलं. “शर्ट काढून ठेव.”

“आणि मी काय घालून जाऊ?”

“यांचा एखादा घाल. बटण लावून ठेवते. लगेच नाही व्हायचं.”

“मला कुठे घाई आहे?”

वादळ माझा चौकटीचा शर्ट घालून, पोट आत ओढत जिना उतरलं. मी दार लावून वळलो, तर ती खिडकीकडे बघत होती.

“बघत काय राहिलात? ती चादर काढा,” ती म्हणाली. “बटणांचा डबा मशीनच्या खणात आहे.”