वडनेरचं मैत्री सभागृह

"माह्या हॉलात शेवटच्या रांगेतल्या माणसालेही नवरदेवाची मिशी दिसते," असं शालिग्राम चिखलीला जाऊन व्याह्यांना सांगून आला. लग्नाच्या दिवशी नवरदेव सोहम मिशी काढून आला.

शालिग्राम सहा वर्षं आफ्रिकेत बांधकामावर मुकादम होता. तिथं चीन सरकारनं एका देशाला अख्खं मैत्री सभागृह भेट दिलं. नकाशा चीनचा, सिमेंट चीनचं, खिळेसुद्धा चीनचे. फीत कापली, किल्ली दिली अन् चिनी लोक विमानात बसले. तुम्हाला काय पाहिजे, हे त्या देशाला कोणी विचारलं नाही. शालिग्रामला हीच गोष्ट लय आवडली. वडनेर भोलजीला परतल्यावर त्यानं तसंच सभागृह उठवलं. लाल खांब, वर वळलेले छपराचे कोपरे आणि दारापासून स्टेजपर्यंत उतरत जाणारी गुळगुळीत फरशी. खुर्च्या तेवढ्या लावायच्या राहिल्या. गावाला भेट म्हणे. पहिलं लग्न मात्र घरचंच, पोरीचं, डिंपलचं.

"लोकं जेवाले कुठं बसतीन?" बायकोनं, सुभद्राबाईनं, पायाभरणीलाच विचारलं होतं.

"चिन्यायनं कोणाले इचारलं होतं काय?"

व्याही उद्धवरावांना लग्न चिखलीतच पाहिजे होतं. त्यांनी बजावलं होतं, "जेवणात कमीजास्त झालं तं ताटावरून उठीन. मंग जलमभर तुमच्या दारात येणार नाही."

लग्न लागलं. मानाचं वऱ्हाड खाली स्टेजजवळ बसलं, घरची माणसं वर. कणकेच्या गोल बट्ट्या वाढल्या आणि बट्ट्या उतारानं निघाल्या. पहिली उद्धवरावांच्या कमरेला लागली. मागून वरण आलं. वांग्याची भाजी सावकाश आली.

शालिग्रामनं पंगती आडव्या करून पाहिल्या. वरण काही आडवं झालं नाही.

उद्धवराव उठले. पायजमा मागून पिवळा. "हे काय होय, शालिग्राम?"

"इवाई, आंतरराष्ट्रीय डिझाइन होय हे."

"मी चाललो."

 समोर डिंपल रडायच्या बेतात.

"बसा हो गुमान," विहीणबाई शारदाबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या. "जलमात पहिल्यांदा वाढप्याले हाक नाही मारा लागली. वरून येऊनच राह्यलं."

वऱ्हाड हसलं. मग उद्धवरावही हसले, बसले आणि पाच बट्ट्या जेवले. त्यातल्या दोन त्यांच्या स्वतःच्या होत्या.

जेवणं आटोपली. दोघे व्याही स्टेजपाशी गळाभेटीला उभे राहिले. शालिग्रामनं सुखानं डोळे मिटले. तेवढ्यात वर दाराशी कोणीतरी मठ्ठ्याचं पिंप अडवून धरणारी वीट काढली. पिंप भरलेलं होतं.