विचारून ठरवू

सातिवलीच्या एका शाळेत इनेझ टीचर सातवीला शिकवायच्या. वर्गाचे नियम मुलांनी सभा घेऊन स्वतः करावेत, त्या सभेत आपलंही मुलांसारखं एकच मत असावं, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. पालकसभेत त्यांनी ‘लोकशाही शिक्षण’ म्हणताच एका वडिलांनी हात जोडले. “टीचर, शाळेत राजकारण नको.”

वटार गावातल्या घरात त्या एकट्याच राहत. पुढच्या पालकसभेचं भाषण त्यांनी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं. कुठला शब्द टोचतो ते सांगायला कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी जुन्या सहकारी रिटाला फोन लावला.

“‘मुलं ठरवतील’ म्हटलं की आईबाप घाबरतात गं,” रिटा म्हणाली. “‘मुलांना विचारून ठरवू’ म्हण. कोण नाही म्हणेल?”

सभेत खरंच कुणी नाही म्हटलं नाही. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक प्रल्हाद सर म्हणाले, “छान मांडलंत.”

मुलांनी पहिल्याच सभेत उशिराचा विषय घेतला. कितीतरी जणांचे आईवडील कारखान्यात रात्रपाळीला. धाकट्या भावंडांचं आवरून येईपर्यंत शाळेचं फाटक बंद व्हायचं आणि पहिला तास बाहेर उभं राहावं लागायचं. बराच वाद झाला. उशीर झालेल्याला बाहेर उभं करायचं नाही, त्याने मधल्या सुट्टीत बसून चुकलेला अभ्यास पुरा करायचा, असं ठरलं. इनेझचं मत विरुद्ध होतं; सुट्टी खेळण्यासाठी असते, असं त्यांचं म्हणणं. त्या हरल्या, आणि खूप दिवसांनी आनंदात घरी गेल्या.

प्रल्हाद सरांनी इनेझकडून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“फाटकाचा नियम राहील.”

“सर, मुलांनी ठरवलंय.”

“विचारून ठरवू, असं तुम्हीच म्हणालात ना? विचारलं. आता मी ठरवलं.”

सर रागावले नव्हते. त्यांना यात वावगं काही दिसतच नव्हतं. रिटाही फोनवर म्हणाली, “अगं, निदान विचारलं तरी!” इनेझनी फोन ठेवून दिला.

वर्गात त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“मग आम्हाला विचारलं कशाला?” क्षितिजा म्हणाली.

“मोठ्यांना पटावं म्हणून मी शब्द मवाळ केला,” इनेझ म्हणाल्या. “तिथेच चुकलं.”

मुलं भांडली नाहीत. निमूटपणे पुस्तकं काढून बसली. तेच इनेझना सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटक लागलं तेव्हा बाहेर चार मुलं राहिली होती. इनेझचा पहिला तास मोकळा होता. त्या खाली आल्या, फाटकाबाहेर गेल्या आणि त्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. स्टाफरूमच्या खिडकीत काही चेहरे आले. खाली कुणी उतरलं नाही.